मोटारगाडी का अडखळते?

जुनी फियाट किंवा ॲम्बॅसॅडर ज्यांनी चालवली आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. चौकातला दिवा हिरवा होतो, आपण ॲक्सिलरेटरवर पाय देतो, आणि पुढे सरकायच्या ऐवजी गाडी क्षणभर श्वास कोंडल्यासारखी थबकते. मग एक गचका देते आणि धावू लागते. आपले मिस्त्री म्हणतात, ‘गाडी पिकप घेत नाही.’ हा खोळंबा अर्ध्या सेकंदाचा असेल. पण मागून ट्रक येत असला म्हणजे तेवढाही पुष्कळ होतो. या अर्ध्या सेकंदाला मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की दोष शोधून काढणे बरेच सोपे जाते.

एंजिनात जळते ते नुसते पेट्रोल नव्हे, तर पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे हेच कार्ब्युरेटरचे काम. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेत आणि मिळेल ती वाफ एंजिनाला देत. संथ गाडीला तेवढे पुरत असे. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी निराळी वाट काढली. लहानशा टाकीत फ्लोटच्या साहाय्याने पेट्रोलची पातळी कायम राखायची, आणि हवेच्या वाटेत बारीक भोकाची नळी, म्हणजे जेट, ठेवायचा. वाट जिथे अरुंद होते तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ सालीच प्रसिद्ध केले होते. त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल जेटमधून आपोआप वर ओढले जाते आणि त्याचे तुषार होतात.

युक्ती सुरेख खरी, पण तिच्या पोटातच आपली अडखळ दडलेली आहे. द्रवरूप पेट्रोल हवेच्या सुमारे सहाशे पट जड. आपण पाय दाबला की झडप एकदम उघडते. हवा तत्काळ आत धावते, आणि पेट्रोल मागे रेंगाळते. शिवाय झडप उघडताच आतल्या नळीतली निर्वात ओढ कमी होते, त्यामुळे पेट्रोलचे थेंब होऊन ते नळीच्या भिंतींना चिकटतात. नेमकी जेव्हा भूक वाढते, तेव्हाच ताटात कमी पडते म्हणा ना!

यावर दोन तऱ्हेचे उपाय निघाले. सोलेक्स, वेबर यांच्यासारख्या कार्ब्युरेटरांत एक चिमुकला पंप आला. पाय दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी थेट हवेच्या वाटेत मारतो. दुसरा मार्ग इंग्लंडातला. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ साली पेटंट घेतलेला, पुढे एस.यू. या नावाने गाजलेला कार्ब्युरेटर हवेच्या मागणीप्रमाणे आपला गळा लहानमोठा करतो. आरंभी त्यात चामड्याचा भाता होता, पुढे दट्ट्या आला. हा दट्ट्या झटकन उचलला जाऊ नये म्हणून त्याच्या माथ्याच्या नळीत थोडे तेल घालतात. दट्ट्या सावकाश चढतो, तेवढ्या वेळात जेटवरची ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येते. आपल्याकडच्या अनेक ॲम्बॅसॅडर गाड्यांवर हाच एस.यू. होता.

आता निदानाकडे वळू. त्यासाठी आधी १९४० सालच्या एका प्रसंगाकडे पाहिले पाहिजे. ब्रिटनवरील हवाई युद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन एंजिनावर फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या एंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरांत सोडले जाई. जर्मन वैमानिक एकदम नाक खाली घालून सूर मारी. पाठलागावरचा इंग्रज वैमानिक तसेच करू गेला की त्याचे एंजिन गचके खाई, आणि शत्रू निसटे. कारण एकच वाटे, पेट्रोल पोचत नाही. पहिल्या क्षणी ते खरेही होते, पेट्रोल टाकीच्या वरच्या बाजूला फेकले जाई. परंतु मोठा घात त्याच्या पुढच्या क्षणी होई. पेट्रोल आत सोडणारी झडप सताड उघडी राही, आणि एंजिन तुडुंब होऊन गुदमरे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील बीट्रिस शिलिंग या बाईंनी यावर एक लहानसा पितळी अडसर काढला. त्याचे भोक एवढेच, की पूर्ण शक्तीला लागेल तितकेच पेट्रोल त्यातून जावे. या बाईंनी १९३४ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर मोटारसायकल ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने पळवली होती! १९४१ च्या मार्चपासून विमानतळोविमानतळी हे अडसर बसू लागले. गचका एकच होता. पण त्याच्या आत उपासही होता आणि अजीर्णही.

आपल्या गाडीलाही पहिला प्रश्न हाच विचारावा. एंजिन गरम झाल्यावर चोक किंचित ओढून गाडी चालवून पाहावी. अडखळ कमी झाली तर एंजिन उपाशी आहे. वाढली, काळा धूर आला, प्लगवर काजळी दिसली, तर ते तुडुंब आहे. मग फ्लोट आणि त्याची सुई तपासावी. उपाशी ठरल्यास एंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, हवेचा फिल्टर काढावा. जवळ बिडी-काडी नको. हाताने झडप उघडताच पेट्रोलची धार लगेच उडाली पाहिजे. ती उशिरा आली किंवा आलीच नाही, तर पंपाचा पडदा फाटला असेल किंवा त्याचा जेट तुंबला असेल. एस.यू. असेल तर माथ्यावरचे तेल पाहावे. हे ठीक असेल तर एंजिन चालू ठेवून रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे गॅस्केटांच्या कडेने फिरवावे, पंख्यापासून मात्र जपून. ‘सूं’ असा आवाज आला की तिथून हवा चोरून आत शिरते आहे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर कार्ब्युरेटरला दोष देणे थांबवून ठिणगीकडे वळावे. पॉइंट, टायमिंग, आणि डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी निर्वाताची नळी पाहावी. ती तोंडाने ओढली तर आतली तबकडी हलायला हवी.

या जुन्या दुखण्याला अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के एथॅनॉल आले. एथॅनॉलच्या एका भागाला हवा सुमारे नऊच भाग पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मापाने कोरलेला जुना जेट आज एंजिनाला थोडे उपाशीच ठेवतो. पंपाचे जुने रबरही त्याने लवकर खराब होऊ शकते. गाडी पूर्वी नीट चालत होती, मग आताच काय झाले, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवतो आणि बिघाडही तोच सांगतो. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतळांवरून निवृत्त झाली. त्यांच्याबरोबर, नुसत्या आवाजावरून उपास की अजीर्ण ते ओळखणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. त्यांची ही रीत कुणी पुस्तकात फारशी लिहून ठेवलेली नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी आख्खा कार्ब्युरेटर बदलण्यापूर्वी अशा एखाद्या जाणत्या माणसाकडे जावे, तो काय पाहतो, कोणत्या क्रमाने पाहतो, ते शेजारी उभे राहून शिकून घ्यावे, आणि जमल्यास टिपूनही ठेवावे.