भोकरदनचा हस्तिदंत

इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली उत्खनन चालू होतं. तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, कमरेला मेखला, आणि वस्त्र म्हणावं असं काहीच नाही. दोन्ही बाजूंना शृंगाराची भांडी घेतलेल्या दोन छोट्या दासी. ती पाठीमागूनही तितकीच निगुतीने कोरलेली आहे. डोक्यात वरून खाली भोक पाडलेलं आहे. म्हणजे ही पूजेची मूर्ती नसावी. आरशाची मूठ किंवा एखाद्या नक्षीदार आसनाचा पाय असावी. व्हेसूव्हियसच्या राखेत पाँपेई इ.स. ७९मध्ये गाडलं गेलं, तेव्हा ती त्याआधीच तिथे पोचलेली होती.

तिला नाव पडलं ‘पाँपेईची लक्ष्मी’. पुढे अभ्यासकांनी ती यक्षी असावी असं मांडलं, पण पहिलं नाव अजून सुटलेलं नाही. तिचं माहेर मथुरेच्या बाजूला असावं, असा बराच काळ समज होता. तो समज डळमळला तो मराठवाड्यामुळे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. आणि दुसरी मिळाली भोकरदनला.

केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. पैठणहून उज्जैन-विदिशेकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. सांचीच्या दक्षिण तोरणावरचा एक लेख सांगतो, की तिथलं कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. दगडावर हात चालवणारे हे लोक मुळात हस्तिदंत कोरणारे होते! तोरणावरच्या आकृत्यांची गर्दी आणि दागिन्यांचा बारकावा पाहिला की ते पटतं. भोगवर्धनचे दाते ज्या स्तूपाला दान देत होते, तिथेच हे दंतकार राबत होते. मला ही जवळीक फार मोलाची वाटते. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर यांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. भडोच ते पैठण वीस दिवसांची वाट. हस्तिदंतही अशाच वाटांनी रोमन जगात गेला असणार.

भोकरदनच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९७३ साली खोदकाम झालं. ते केलं दोन विद्यापीठांनी मिळून, नागपूर आणि मराठवाडा. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी अहवाल लिहिला आणि तो १९७४मध्ये छापूनही आला. वर्षभरात अहवाल! उत्खननाचे अहवाल वीस-वीस वर्षं रखडतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच याची किंमत कळेल. मराठवाडा विद्यापीठ तेव्हा पंधरा वर्षांचंच होतं, आणि भोकरदन आज ज्यात आहे तो जालना जिल्हा तर जन्मलाच नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. सातवाहन काळातल्या वस्तीच्या अवशेषांसोबत वर आली ती भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती. पाँपेईच्या यक्षीशी तिचं नातं अभ्यासकांनी लावलं आणि यक्षीचं माहेर दख्खनात असावं, या शक्यतेला बळ मिळालं. घराजवळच्या पांढरीत विद्यापीठाने हात घातला नसता, तर हा दुवा हाती लागलाच नसता.

पाँपेईची यक्षी एरवी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असते. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ट्री अँड सर्पंट’ हे प्राचीन बौद्ध कलेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती तिथेही मांडली होती. भोकरदनच्या शाळेतल्या मुलाला मात्र तिचं छायाचित्रसुद्धा गावात बघायला मिळत नाही.

हस्तिदंताचं कसब आता परत येणार नाही, आणि येऊही नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६मध्ये दुरुस्ती झाली आणि भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. पण लाकूड आहे, शिंग आहे, माती आहे. संभाजीनगरातल्या मराठवाडा विद्यापीठाच्या दालनात तेरची मूर्ती, भोकरदनची मूर्ती आणि पाँपेईच्या यक्षीची प्रतिकृती एका ओळीत मांडावी, भिंग टांगावं, आणि आजच्या शिल्पकलेच्या मुलामुलींना त्यांच्या शेजारी स्वतःचं काम ठेवायला बोलवावं. आणि हे प्रदर्शन तिथेच थांबू नये, पुढे भोकरदनला जावं.