कवायतीनंतरचे हवाई दल

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सक्तीची राष्ट्रीय सेवा केलेल्या पिढीने आपल्या आठवणी भरभरून लिहिल्या आहेत. त्यांतल्या हवाई दलात गेलेल्यांच्या आठवणी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: त्यांत विमान फारसे नसते. लाकडी बराक असते, तिच्यात पेटलेली कोळशाची शेगडी असते, मेण लावून घासलेल्या जमिनीवर ओरखडा पडू नये म्हणून पायांखाली फेल्टचे तुकडे घेऊन सरकत चालणारी अठरा वर्षांची मुले असतात. काटकोनात घडी घातलेली ब्लँकेटे, तासन्‌तास चमकवलेले बूट आणि या सगळ्यावर कॉर्पोरलचा आवाज. हे प्राथमिक प्रशिक्षण साधारण आठ आठवड्यांचे असे. सेवा मात्र दोन वर्षांची. तारुण्यातला पहिला धक्का मनावर खोल उमटतो हे खरे, पण एवढ्याने या आठवणींचा उलगडा होत नाही. सक्तीने आणलेल्या बहुतेक तरुणांना हवाई दल पुरते देऊ शकेल असे एकच शिक्षण होते, ते म्हणजे कवायत. पुढचे शिक्षण अर्धवट राहिले किंवा मिळालेच नाही, म्हणून आठवणीही कवायतीच्या मैदानावर थांबल्या, असे माझे मत आहे.

राष्ट्रीय सेवेचा कायदा 1947 चा; तो 1 जानेवारी 1949 पासून अमलात आला. मुदत आधी दीड वर्षाची होती, कोरियाचे युद्ध पेटल्यावर 1950 मध्ये ती दोन वर्षांवर गेली. बहुसंख्य मुले लष्करात गेली, नौदलाने अगदी थोडी घेतली आणि उरलेली हवाई दलाच्या वाट्याला आली. पॅडगेट किंवा कार्डिंग्टनच्या केंद्रात गणवेश मिळे. कार्डिंग्टनला, जिथे आर-101 हे 1930 साली फ्रान्समध्ये कोसळलेले अजस्र हवाई जहाज बांधले गेले, त्या प्रचंड शेडच्या परिसरात या मुलांचा हवाई दलाशी पहिला परिचय होई. तिथून ब्रिजनॉर्थ, हेन्सफर्ड, वेस्ट कर्बी, विल्मस्लो अशा ठिकाणी कवायतीसाठी रवानगी. खांद्यावर ली-एन्फील्ड रायफल, पायाखाली परेडचे मैदान.

खरा प्रश्न पासिंग आउट परेडनंतर सुरू होई. ते दशक हवाई दलाच्या इतिहासात तांत्रिक उलथापालथीचे होते. 1951 मध्ये कॅनबेरा हे जेट बॉम्बर सेवेत आले, 1955 मध्ये व्हॅलियंट आणि त्यामागोमाग व्हल्कन. रडार आणि वायरलेस यंत्रणा दर वर्षी अधिक गुंतागुंतीची होत होती. ही यंत्रे सांभाळणारा माणूस घडवायला किती वेळ लागतो, हे हवाई दलाला पुरते ठाऊक होते. लॉर्ड ट्रेंचर्ड यांनी 1920 च्या दशकात हॉल्टन येथे उभारलेल्या शाळेत विमानाच्या फिटरची उमेदवारीच तीन वर्षांची असे, म्हणजे सक्तीच्या संपूर्ण सेवेपेक्षा एक वर्ष जास्त. दोन वर्षांच्या माणसाला अवघड तांत्रिक काम शिकवायला घेतले, तर तो कामाला येईपर्यंत त्याचे घरी जाण्याचे दिवस जवळ येत. त्यामुळे कारकुनी, भांडार, स्वयंपाकघर आणि पहारा अशी कामे अनेकांच्या नशिबी आली. तीन वर्षांच्या नियमित नोकरीवर सही केली तर पगार जास्त आणि कामाची निवडही बरी, असे आमिष हवाई दल स्वतःच दाखवत होते. सक्तीची मुदत आपल्याला पुरत नाही, याची ही दलाने दिलेली कबुलीच होती.

यावर पहिला आक्षेप असा की कवायत हेच उद्दिष्ट होते. शिस्त आली, निरनिराळ्या वर्गांतली मुले एका बराकीत झोपली, हे काय थोडे झाले? शिस्तीचे मोल मी नाकारत नाही. पण वर्गांची ही सरमिसळ अल्पजीवी होती. अधिकारी होण्याजोगी मुले लवकरच वेगळी काढली जात, आणि उरलेल्यांना कामे वाटताना शाळेतले शिक्षण पाहिले जाई. अर्नोल्ड वेस्कर यांनी हवाई दलात सक्तीची सेवा केली होती. त्यांच्या ‘चिप्स विथ एव्हरीथिंग’ या 1962 च्या नाटकाचा विषय हाच आहे. सुखवस्तू घरातला पिप साध्या शिपायांत राहू पाहतो, बंड करतो आणि शेवटी अधिकाऱ्यांच्या रांगेतच जातो. हे नाटकही पासिंग आउट परेडपाशीच संपते, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1951 पासून तिन्ही दलांतल्या निवडक सक्तीच्या सैनिकांना बॉडमिन, कूल्सडन आणि नंतर क्रेल येथे रशियन भाषा शिकवली गेली. सुमारे पाच हजार जण तिथून शिकून बाहेर पडले. हवाई दलातले काही पुढे जर्मनीत बसून सोव्हिएत वैमानिकांची रेडिओवरची बोलणी टिपत. सक्ती नसती तर ही बुद्धिमान मुले सैन्याकडे वळली असती का? बहुतेक नसती, आणि हे श्रेय सक्तीला दिलेच पाहिजे. मात्र तिथे निवड कठोर होती, वारंवार परीक्षा होत आणि नापास होणाऱ्याला परत पाठवले जाई. शिवाय दोन वर्षांत बसेल असे काम आधीच ठरलेले होते. वीस लाखांहून अधिक तरुणांना ज्या व्यवस्थेने गणवेश चढवला, तिच्यात अशी सोय मूठभरांनाच मिळाली. अखेर 1957 मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने सक्ती संपवण्याचे जाहीर केले. त्यामागे अण्वस्त्रांवरची भिस्त आणि खर्चकपात होती, तसाच लहान पण व्यावसायिक सैन्याचा आग्रहही होता. 1960 अखेर भरती थांबली, शेवटचे सक्तीचे सैनिक मे 1963 मध्ये घरी परतले.

नेमक्या त्याच 1963 साली, चीनबरोबरच्या युद्धानंतर, भारतात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. आज बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हवाई दल प्रशिक्षण शाळेत अग्निवीर शिकतात. ते स्वेच्छेने येतात, चार वर्षांसाठी, आणि त्यांतले 25 टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होऊ शकतात. तरीही प्रत्येक तरुणाला सक्तीचे लष्करी शिक्षण द्या, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून मोठ्या तळमळीने होते. ती करणाऱ्यांनी आठ आठवड्यांच्या कवायतीचे वर्णन बाजूला ठेवावे आणि नवव्या आठवड्यापासून त्या मुलाला कोणते काम, कोणाकडून आणि किती दिवसांत शिकवणार, ते आधी लिहून द्यावे.