बहमनी राज्यातील वारसा आणि सूफी पीठांचे अनुमोदन

ज्या राज्यात सत्तेला धर्माचे अधिष्ठान असल्याचे मानले जाते, त्या राज्यात एका अधिपतीनंतर दुसरा कोण, हे नेमके कोण ठरवितो? शास्त्रज्ञ धर्मगुरू, मृत अधिपतीची इच्छा, रक्ताचे नाते, की ज्यांच्या हाती फौज व किल्ले आहेत ते? इराणच्या 1979 च्या घटनेने या प्रश्नाला लेखी उत्तर देण्याचा प्रयत्न केला व सर्वोच्च नेत्याची निवड धर्मपंडितांच्या निर्वाचित मंडळाकडे सोपविली. तथापि तेथेही उत्तराधिकारी म्हणून निश्चित झालेल्या आयातुल्ला मुंतझरी यांना मार्च 1989 मध्ये दूर व्हावे लागले. जूनमध्ये खोमेनींच्या मृत्यूनंतर मंडळाने अली खामेनी यांची निवड केली. आणि सर्वोच्च नेता हा सर्वांनी अनुसरावा असा श्रेष्ठतम धर्माधिकारी असावा, ही मूळ घटनेतील अट त्याच वर्षीच्या दुरुस्तीने वगळण्यात आली. धार्मिक श्रेष्ठत्व आणि राज्यकारभाराची गरज यांत पेच पडला तेव्हा निकष बदलला, असा याचा अर्थ होतो.

हा पेच मराठवाड्याच्या इतिहासास अपरिचित नाही. आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे ज्या बहमनी राज्यात मोडत होते, ते धर्मगुरूंचे राज्य नव्हते. सुलतान हा लष्करी अधिपतीच होता. परंतु 1347 मध्ये दिल्लीपासून फुटून निघालेल्या या घराण्याला परंपरेचे पाठबळ नव्हते. ही उणीव सुलतानांनी सूफी शेखांच्या आशीर्वादाने भरून काढली. म्हणून सिंहासनाचा वारसा आणि खानकाहीतील गादीचा वारसा हे दोन प्रश्न येथे परस्परांत गुंतलेले दिसतात. या गुंतवणुकीचा परिणाम दोन्ही संस्थांवर काय झाला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम सिंहासनाकडे पाहू. 1347 ते 1422 या पंचाहत्तर वर्षांत गादीवर आलेल्या आठ सुलतानांपैकी मुजाहिद व दाऊद यांचा 1378 मध्ये खून झाला, गियासुद्दीन व शम्सुद्दीन यांना 1397 मध्ये पदच्युत करण्यात आले, आणि फिरोजशहाला 1422 मध्ये धाकटा भाऊ अहमद याच्यासाठी गादी सोडावी लागली. म्हणजे आठांपैकी पाच जणांची राजवट बळाने संपली. ज्येष्ठ पुत्राचा हक्क हा सर्वमान्य नियम नव्हता, आणि नेमणुकीस मृत सुलतानाच्या शब्दापलीकडे आधार नव्हता. अशा अवस्थेत शेखाच्या अनुमोदनास मोल येणे स्वाभाविक होते.

परंतु अनुमोदन देणाऱ्यास ते नाकारण्याचेही स्वातंत्र्य असले पाहिजे. दुसरा सुलतान पहिला मुहम्मदशहा याने शेखांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा खुलताबादचे शेख जैनुद्दीन शिराझी यांनी, सुलतान मद्यपी आहे या कारणास्तव, ती देण्याचे नाकारल्याचे तवारिखा सांगतात. शेखांना दौलताबाद सोडण्याचा हुकूम झाला. ते आपल्या गुरूंच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या, कबरीपाशी जाऊन बसले. आणि अखेर माघार सुलतानास घ्यावी लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 1369 मध्ये निधन पावलेल्या जैनुद्दीनांनी आपल्या मागे प्रमुख खलिफा नेमला नाही. योग्य शिष्य नसेल तर गादी रिकामी राहावी, हा चिश्ती परंपरेतील कठोर दंडक होता. ज्याला आपला वारस पोसावयाचा नाही, त्याला सुलतानाचे देणेही लागत नाही.

पुढच्या पिढीत हे चित्र पालटले. दिल्लीचे शेख नसीरुद्दीन यांचे शिष्य सय्यद मुहम्मद गेसूदराज हे 1400 च्या सुमारास गुलबर्ग्यास आले. फिरोजशहाने आपला पुत्र हसनखान यास युवराज नेमून त्याच्यासाठी त्यांचा आशीर्वाद मागितला. शेखांनी तो दिला नाही, राज्य अहमदचे आहे असे सुचविले, असे फिरिश्ता लिहितो. परंतु फिरिश्ता या घटनेनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी लिहीत होता, आणि जिंकलेल्या पक्षाच्या बाजूने भविष्यवाणी मागाहून रचली जाणे हे इतिहासात नवे नव्हे. निकाल प्रत्यक्षात कसा लागला, हे त्याच ग्रंथात आहे. अहमद राजधानीतून निसटला. खलफ हसन बसरी या व्यापाऱ्याने वणजाऱ्यांचे बैल हाती घेऊन मोठ्या फौजेचा आभास निर्माण केला. फिरोजचे सैन्य फुटले. नव्या सुलतानाने या व्यापाऱ्यास मलिक-उत्-तुज्जार हा किताब दिला. आशीर्वादाने अहमदची बाजू पवित्र झाली असेल. विजयी झाली ती सरदारांच्या पक्षांतराने.

गेसूदराज 1422 मध्येच निवर्तले. त्यांच्या मागे पीठ त्यांच्या वंशात चालू राहिले व त्यास गावे इनाम मिळाली. जैनुद्दीनांचा दंडक येथे संपला. अहमदशहाने याहीपुढे पाऊल टाकले. त्याने राजधानी बीदरला नेली, इराणातील किरमानजवळील माहान येथे शाह निमतुल्ला वली यांच्याकडे शिष्टमंडळ पाठविले आणि त्यांचे नातू नूरुल्ला यांना आणवून दख्खनच्या जुन्या शेखांपेक्षा, गेसूदराजांच्या वंशजांपेक्षाही, वरचे स्थान दिले. सुलतानाची कन्या त्यांना दिली गेली. पूर्वी शेख सुलतानाला मान्यता देत होता. आता कोणता शेख मान्य, हे सुलतान ठरवू लागला.

या नात्याची किंमत 1458 नंतर दिसून आली. दुसऱ्या अहमदशहाने हुमायून यास वारस नेमले होते, तरी काही सरदारांनी धाकट्या हसनखानास गादीवर बसविले. निमतुल्ली घराण्यातील हबीबुल्ला त्याच्या बाजूस होते. हुमायून विजयी झाला व हबीबुल्ला कैदेत पडले. सुटका होताच ते हसनखानासह आपल्या जहागिरीत, बीड येथे, आले. तेथून त्यांना पळावे लागले व अखेरीस ते मारले गेले. जैनुद्दीनांवर हात टाकताना सुलतान कचरला होता. हबीबुल्लांच्या बाबतीत तसे घडले नाही. जहागीरदार व राजघराण्याचा जावई झालेला पीर हा दरबारातील एका पक्षाचा सरदार ठरला होता, आणि त्याला सरदाराचेच शासन मिळाले.

यानंतर निर्णयाचे स्थान दरबारातूनही सरकले. कासिम बरीदाकडे औसा, कंधार व उदगीर हे किल्ले होते. बीदरच्या उत्तरेस व पश्चिमेस पसरलेली ही साखळी म्हणजे आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांचा गाभाच होय. 1518 मध्ये महमूदशहा मरण पावला, तेव्हा कासिमचा पुत्र अमीर बरीद याने एकामागून एक चार बहमनी पुरुष गादीवर बसविले. त्यांतील शेवटच्या कलीमुल्लाने बाबराकडे मदतीची याचना केली, ती व्यर्थ गेली, आणि तो परमुलखात मेला. वंश, आशीर्वाद व राज्याभिषेक ही तिन्ही अंगे शाबूत होती; निवड मात्र औसा-कंधारच्या धन्याची होती.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की वारसाचा नियम निश्चित नसलेल्या राज्यात धर्मसंस्थेचे अनुमोदन हे निर्णयाचे कारण नसून निर्णयाचे प्रमाणपत्र असते. ते प्रमाणपत्र मोलाचे राहते ते देणारा स्वतंत्र असेपर्यंतच. इनाम, जहागीर व सोयरीक यांनी त्याला बांधून घेताच सिंहासनाला हवा असलेला साक्षीदार सिंहासनच गमावून बसते. बीदरच्या सुलतानांनी मान्यतेचा झरा आपल्या अंगणात आणला. पण अंगणात आल्यावर तो झरा उरला नाही.

दर्ग्यांच्या गाद्या मात्र राज्यांपेक्षा दीर्घायुषी ठरल्या. सनदा, इनामे आणि वारसाच्या चौकश्या यांच्या आधाराने त्या निजामी राजवटीतूनही पुढे आल्या, आणि हैदराबाद संस्थानातील इनामांच्या वारसासंबंधी 1952 मध्ये झालेला अतियात चौकशी कायदा याच परंपरेचा दुवा आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील अशा कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक वारसनोंदीपाशी एकच प्रश्न विचारावा: येथे गादी योग्यतेने गेली, रक्ताने गेली, की सरकारच्या हुकुमाने?