१६७ दिवसांची रांग: गेमिंग कन्सोल आपल्याकडे उशिरा का आले?

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या नगराचे अंतर दिवसांत दिले आहे. भडोचहून पैठण सुमारे २० दिवस आणि पैठणहून पूर्वेला तगर आणखी १० दिवस. तगरचे कापड गाड्यांत लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. म्हणजे अंतर सुमारे ३० दिवसांचे.

२/ आता १९ शतके पुढे येऊ. सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ जपानमध्ये ११ नोव्हेंबर २००६ रोजी विक्रीस आले. भारतात ते अधिकृतपणे आले २७ एप्रिल २००७ रोजी. मधले अंतर १६७ दिवस. मालवाहू विमाने होती, जहाजे होती, महामार्गही होते. तरीही बैलगाडीच्या पाचपट वेळ लागला. तेव्हा हा उशीर रस्त्याचा नव्हता. मग कशाचा होता? आजचा थ्रेड त्याविषयी.

३/ उत्तराची सुरुवात एका सूक्ष्म सुट्या भागापासून होते. प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे तबकडी वाचण्यासाठी निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा लेसर डायोड लागत असे. त्याचे उत्पादन पुरेसे होईना. यंत्र २००६ च्या वसंतात आणण्याचा वायदा आधीच मोडला होता. सप्टेंबर २००६ मध्ये सोनीने युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलली. जी थोडी यंत्रे तयार होती, ती जपान व अमेरिकेच्या वाट्याला गेली. युरोप त्यानंतर, भारत युरोपच्याही मागे.

४/ म्हणून ‘लाँचची तारीख’ वाचताना एक भान ठेवावे. जगातला माल अपुरा असताना कोणत्या बाजारपेठेला आधी वाढायचे आणि कोणाला पंगतीच्या शेवटी बसवायचे, याचा निर्णय त्या तारखेत दडलेला असतो.

५/ अर्थात पहिल्या पंगतीलाही सुख नव्हते. निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आला. सुरुवातीच्या यंत्रांतील सदोष चिपमुळे खेळ मध्येच बंद पडू लागले. कंपनीला यंत्रे परत बोलावून मुख्य पट्ट्या बदलून द्याव्या लागल्या. ऑक्टोबर २००० मध्ये ‘प्लेस्टेशन २’ अमेरिकेत आले, तेव्हा ठरलेल्या १० लाखांऐवजी सुमारे ५ लाखच यंत्रे दुकानांत पोहोचली.

६/ यावरून एक समजूत रूढ झाली: उशिरा मिळालेले यंत्र निदान निर्दोष तरी असते, कारण चुका पहिल्या गिऱ्हाइकांवर निस्तरलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ ने ही समजूत खोटी ठरवली. अमेरिकेत ते नोव्हेंबर २००५ मध्ये आले, भारतात सप्टेंबर २००६ मध्ये. दहा महिने थांबूनही भारतीय ग्राहकाच्या हाती मूळ दोषासहच यंत्र पडले. सुधारित रचना बाजारात येण्यास २००७ चा उत्तरार्ध उजाडला.

७/ तो दोष कोणता? यंत्राच्या दर्शनी भागावरील चारपैकी तीन दिवे लाल होत आणि खेळ संपे. आतील ग्राफिक्स चिप चालू असताना तापते, बंद केल्यावर निवते. तापताना पदार्थ प्रसरण पावतात, निवताना आकुंचन पावतात. या ओढाताणीत चिपच्या आतील सूक्ष्म जोडण्यांना तडे जात. वारंवार तापणे-निवणे हे खरे दुखणे होते, असे पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले गेले. हताश ग्राहक यंत्राला टॉवेल गुंडाळून ते आणखी तापवत. त्याने काही वेळ यंत्र चाले, मग कायमचे बंद पडे.

८/ याच वर्षांत महाराष्ट्रात काय चालले होते? २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण स्थापन झाली, आणि विजेच्या तुटवड्यामुळे भारनियमन हा नित्यक्रम झाला. गळती व वसुली पाहून फीडरांचे गट पाडले गेले. मुंबई शहर यातून वगळलेले होते, तर ग्रामीण भागाला सर्वाधिक तास सोसावे लागत. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचा, पारा ४० अंशांच्या आसपास असतो. भर उन्हाळ्यात वीज जाणे, पंखा थांबणे आणि न साठवलेला खेळ पुसला जाणे हे ओघाने आलेच. कन्सोलच्या रचनाकारांनी ज्या घराची कल्पना केली होती, ते हे घर नव्हते.

९/ जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि १०५ ते ११५ कोटी डॉलरचा भार स्वीकारला. परंतु हमी म्हणजे नुसता कागद नव्हे. त्यामागे सेवा केंद्र, कुरियर आणि आठवडे लागतात. परदेशातून नातेवाइकांकरवी आणवलेल्या यंत्राला तर इथे हमी मिळेलच, याचाही भरवसा नसे.

१०/ मग लहान गावांत खरोखर पोहोचले काय? नव्वदच्या दशकातील ‘टीव्ही गेम’, म्हणजे फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. त्यांना लाँचची तारीख नव्हती, हमीही जेमतेम. कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, हीच दुरुस्ती! (फुंकरीतील ओलाव्याने धातूचे संपर्क उलट गंजतात, हे फार थोड्यांना ठाऊक होते.) १९८३ चे यंत्र इथे दहा-एक वर्षांनी बालपणाचा भाग झाले, ते कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकाबाहेर.

११/ पुढे रांग आखडली, पण सरळ रेषेत नव्हे. ‘एक्सबॉक्स वन’ भारतात सुमारे दहा महिने उशिरा, सप्टेंबर २०१४ मध्ये आले. ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ मात्र १० नोव्हेंबर २०२० रोजी जगाबरोबरच आले. त्याच आठवड्यात अमेरिका-जपानमध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ ला भारतात २ फेब्रुवारी २०२१ उजाडला: ८२ दिवस. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला खुली झाली आणि काही मिनिटांत संपली. महासाथ आणि चिपचा तुटवडा, पुन्हा तोच सुट्या भागांचा प्रश्न.

१२/ कन्सोलच्या इतिहासात बहुधा टोकियो आणि न्यूयॉर्कच्या तारखा नोंदवल्या जातात. उमरगा, कळंब, तुळजापूर यांच्या तारखा कुठेच नाहीत. त्या सापडतील त्या घरोघरच्या माळ्यावर: जुन्या पावत्या, हमीपत्रे, स्थानिक वृत्तपत्रांतील दुकानांच्या जाहिराती, बंद पडलेली यंत्रे. रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी त्यांवरील तारीख आणि दुकानाचे गाव टिपून ठेवले, तर एखादे यंत्र जिल्ह्यात खरोखर केव्हा पोहोचले, हे पुराव्यानिशी सांगता येईल. तगरपर्यंतचे दिवस कुणीतरी मोजून लिहिले, म्हणूनच ते आज ठाऊक आहेत.