सायकलचा विमानप्रवास : पेटी निवडताना वजन, मोजमाप आणि नुकसानभरपाईचा विचार

नवी दिल्ली : फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची सायकल मोहीम दर चार वर्षांनी होते, यापूर्वीची २०२३ मध्ये झाली आणि पुढची २०२७ मध्ये आहे. तिच्यात भाग घेण्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या पात्रता फेऱ्या ठरलेल्या वेळेत पूर्ण कराव्या लागतात. एवढे करून पॅरिसजवळ पोहोचलेल्या भारतीय सायकलपटूने पेटी उघडावी आणि मागच्या चाकाजवळचा बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा वाकलेला दिसावा, ही शक्यता काल्पनिक नाही. या तुकड्याला डिरेलर हँगर म्हणतात. गिअर बदलणारी यंत्रणा त्यावर टांगलेली असते. धक्का बसल्यास फ्रेमऐवजी हाच भाग वाकावा म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. प्रत्येक कंपनीचा, अनेकदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असल्याने परक्या गावातील दुकानात तो मिळेलच असे नाही. सायकलसाठी प्रवासी पेटी घेताना बहुतेक जण तिचे कवच किती जाड आहे ते पाहतात. पेटीच्या आत सायकल कशावर टेकते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

विमानतळावर पेटीला तीन प्रकारचे आघात सोसावे लागतात. ती आडवी टाकली जाते, तिच्यावर इतर सामान रचले जाते आणि चढवता-उतरवताना ती एका टोकावर आपटते. आडव्या पेटीवर वजन आले की ते मागच्या डिरेलरवर, फोर्कच्या दोन टोकांवर आणि डिस्क ब्रेकच्या पातळ चकतीवर येते. म्हणून पेटी कोणतीही असली तरी काही कामे टळत नाहीत. डिरेलर सोडवून, फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा. चाके काढल्यावर फोर्क आणि मागच्या त्रिकोणाच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आधार बसवावा. डिस्कच्या चकत्या काढून वेगळ्या ठेवाव्यात आणि ब्रेकच्या पॅडमध्ये पट्टी सरकवावी. तसे न केल्यास प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड एकमेकांना चिकटतात. पेडल घरीच सैल करून पाहावेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ऐन वेळी विसरले जाते. नवीन सायकलसोबत येणारे प्लॅस्टिकचे आधार दुकानदार बहुधा फेकून देतात; मागितल्यास ते फुकट मिळतात.

निवडीचा खरा पेच वजनात आहे. टणक प्लॅस्टिकच्या पेटीचे स्वतःचे वजन साधारण ११ ते १४ किलो, जाड फोम लावलेल्या कापडी पिशवीचे ७ ते १० किलो आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचे जेमतेम ४ किलो असते. रोड सायकल ८ ते १० किलोची धरली तर टणक पेटीसह १९ ते २४ किलो होतात. आंतरराष्ट्रीय इकॉनॉमी प्रवासात अनेक कंपन्या एका नगाला २३ किलोंची मर्यादा ठेवतात. म्हणजे बूट, हेल्मेट आणि हत्यारे त्याच पेटीत भरण्याचा मोह आवरावा लागतो. ३२ किलोंपेक्षा जड नग तर जादा पैसे देऊनही बहुतेक ठिकाणी स्वीकारला जात नाही, कारण ती मर्यादा सामान उचलणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आहे.

देशांतर्गत प्रवासात गणित आणखी बदलते. भारतातील इकॉनॉमी तिकिटावर सामान्यतः १५ किलो सामान मोफत नेता येते. कापडी पिशवीतील सायकलही ही मर्यादा सहज ओलांडते. पुठ्ठ्याच्या खोक्यातील हलकी सायकल मात्र तिच्यात बसू शकते. नागपूर किंवा इंदूरहून मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा पूर्ण प्रवासाला लागू होते. तिकिटे वेगवेगळी काढल्यास पहिल्या टप्प्याला १५ किलोंचाच नियम लागतो आणि मुंबईत पेटी ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावी लागते. सायकलसाठीचे क्रीडासाहित्य शुल्क प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि ते बदलत राहते, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच विचारणा करणे इष्ट.

पुठ्ठ्याच्या खोक्याला अनेक जण कमी लेखतात. कारखान्यातून निघालेली नवीन सायकल याच खोक्यात, समुद्रमार्गे आणि ट्रकमधून दुकानापर्यंत येते. काश्मीर ते कन्याकुमारीसारख्या प्रवासात तर त्याला पर्यायच नाही. श्रीनगरला उतरून सायकल चालवत दक्षिणेला निघालेला माणूस टणक पेटी मागे कोठे ठेवणार? खोका तेथेच टाकून देता येतो आणि परतीसाठी तिरुवनंतपुरमच्या एखाद्या सायकल दुकानातून दुसरा मिळवता येतो. खोक्याचा मोठा शत्रू पाणी आहे. पावसाळ्यात धावपट्टीलगत उघड्यावर थांबलेला खोका भिजला की उचलण्याची छिद्रे फाटतात आणि सुटे भाग त्यातून गळून पडतात. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, कडांना चिकटपट्टी आणि भोवती दोन पट्टे, एवढ्याने तो बराच टिकाऊ होतो. लहान भाग मात्र खोक्यात सुटे टाकू नयेत. ते फ्रेमलाच बांधावेत.

जाणे-येणे एकाच शहरातून असेल आणि पेटी हॉटेलात ठेवता येणार असेल, तर टणक पेटीचा खर्च सार्थकी लागतो. कार्बन फ्रेमच्या बाबतीत तर तिचाच विचार व्हावा, कारण कार्बनला दाबाने गेलेला तडा वरून दिसत नाही. टणक पेटी घेताना आत दोन्ही बाजूंच्या कवचांना तोलून धरणारा मधला खांब आहे का, हे पाहावे. तो नसल्यास वरचे वजन थेट सायकलवर येते. चाके पेटीला बाहेरून जोडलेली असतील तर ती तुटल्यावर बदलता येतात का, हेही विचारावे.

कापडी पिशव्यांपैकी ज्यांत सायकल धातूच्या चौकटीवर, चाकांच्या टोकांशी घट्ट बसवली जाते, त्या अधिक विश्वासार्ह. त्यांपैकी काहींत हँडलबार काढावाच लागत नाही. अलीकडच्या महागड्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या हँडलबारच्या आतून गेलेल्या असतात आणि तो सोडवणे हे कसबी कारागिराचे काम होऊन बसते. अशा सायकलींसाठी ही सोय निर्णायक ठरते. त्याची किंमत आकारात मोजावी लागते. सुमारे सव्वा मीटरहून लांब अशी ही पिशवी टॅक्सीच्या डिकीत मावत नाही, आणि दिल्ली-मुंबईच्या अनेक टॅक्सींत तर डिकीची जागा सीएनजीच्या टाकीनेच व्यापलेली असते. कुल्लूजवळच्या भुंतरसारख्या विमानतळांवर एटीआर जातीची छोटी विमाने येतात. तेथे मोठा नग घेतील का, हे आधी विचारून घ्यावे.

आकाराच्या कटकटीतून सुटण्याचा एक जुना मार्ग आहे. अमेरिकेतील एस अँड एस कंपनीच्या जोडण्या बसवलेली स्टीलची फ्रेम मधोमध सुटी होते आणि ६६ बाय ६६ बाय २५ सेंटीमीटरच्या पेटीत जाते. लांबी, रुंदी, उंचीची ही बेरीज १५८ सेंटीमीटरच्या प्रचलित सामानमर्यादेत बसते, त्यामुळे आकाराचे जादा शुल्क सहसा टळते. रिची कंपनीची ब्रेक-अवे ही फ्रेमही याच हेतूने बनवलेली आहे.

टायरमधील हवेबाबत गैरसमज फार आहेत. सामानकक्षातही प्रवासी कक्षाइतकाच दाब राखला जातो. त्यामुळे टायरला जाणवणारा फरक फार तर ४ पीएसआयच्या आसपास असतो आणि तेवढ्याने तो फुटत नाही. तरीही कंपन्या हवा काढायला सांगतात. थोडी ठेवल्यास चाकाची कडा सुरक्षित राहते. बॅटरीचा नियम मात्र कडक आहे. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, त्यामुळे बहुतेक विजेच्या सायकली बॅटरीसह नेताच येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक गिअरची सुटी बॅटरी छोटी असली तरी ती हातातील सामानातच ठेवावी. हवा भरण्याचे कार्बन डायऑक्साइडचे नळे घरी ठेवून हातपंप नेलेला बरा. सुरक्षा तपासणीत पेटी उघडली जाऊ शकते. रचनेचे छायाचित्र झाकणाच्या आतून चिकटवल्यास उघडणाऱ्याला ती पुन्हा नीट भरता येते.

नुकसान झाल्यास पेटीचा प्रकार कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानासाठी विमानकंपनीचे दायित्व प्रति प्रवासी १,५१९ एसडीआरपर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलरपर्यंत आहे. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. देशांतर्गत प्रवासात ती २० हजार रुपये आहे. स्पर्धेच्या सायकलची किंमत याहून अनेक पटींनी जास्त असू शकते. सामान जमा करताना जादा शुल्क भरून मूल्याची विशेष घोषणा करण्याची तरतूद करारात आहे. स्वतंत्र विमा हा दुसरा उपाय. पुठ्ठा किंवा मऊ पिशवी दिसली की अपुऱ्या वेष्टनाबद्दल कंपनीची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या चिठ्ठीवर काउंटरवर सही घेतली जाते. सही करण्यापूर्वी ती वाचावी. पेटी विमानतळावरच उघडून पाहावी आणि बाहेर पडण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवावी. सामान ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार न केल्यास दावा बाद होतो.

महागडी सायकल घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात फ्रेमचा क्रमांक नोंदवला जातो आणि परतताना सायकल परदेशात खरेदी केली नसल्याचा तो पुरावा ठरतो. हा क्रमांक बहुधा पेडलच्या धुरीखाली कोरलेला असतो. पेटी बंद करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवल्यास काउंटरवर सगळे बांधकाम उसवावे लागत नाही.