कोयनानगर : एका वसाहतीची पहाट

शेगावहून अकोल्याला जाताना पारसच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसली, की आम्हांला हमखास कोयनानगर आठवते. विजेपायी वसलेली गावे महाराष्ट्रात कमी नाहीत. पण पाटण तालुक्यातील या वसाहतीइतकी किंमत कोणी मोजली नसावी.

मुळात पूर्वेकडे जाणारे कोयनेचे पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायचे, अशी ही योजना. 1962 साली वीजनिर्मिती सुरू झाली. धरणाच्या पायथ्याशी अभियंते, कारकून, मजूर यांचे संसार मांडले गेले. ज्यांची गावे जलाशयात गेली, ते शेतकरी मात्र पांगले.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास, भूकंपाने ही वसाहत झोपेतच गाठली. सुमारे 180 माणसे दगावली, बहुतेक घरे पडली वा तडकली. मुंबईचाही वीजपुरवठा खंडित झाला. धरणाला भेगा गेल्या, तरी ते उभे राहिले. जलाशयाच्या भारानेच भूकंप होतात काय, या प्रश्नापायी कोयना जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. त्या ग्रंथांत कोयनानगरची माणसे आकड्यापुरतीच भेटतात, हे आम्हांला खटकते.

धरणाच्या भिंतीला पुढे बळकटी देण्यात आली. विस्थापितांना मात्र पुनर्वसनासाठी 2018 सालीही कोयनानगरात ठिय्या मांडावा लागला.