काळ्या गाबोळीचं कूळ

रशियन घरात कॅव्हिअर नावाचा पदार्थ नसतो. तिथे असते ती इक्रा. माशाची अंडी म्हणजे इक्रा. स्टर्जनची असली तर काळी इक्रा, सामनची असली तर लाल इक्रा. भाजलेल्या वांग्याचा गर कांदा-टोमॅटोत शिजवून पावाला लावतात, त्यालाही तिथे वांग्याची इक्राच म्हणतात. आपलं भरीत तिकडे गेलं तर त्याचं बारसं याच नावाने होईल. ज्या देशाने हा पदार्थ जगाला खायला शिकवला, त्या देशात त्याचं नाव असं चुलीजवळचं आहे, आपल्या गाबोळीसारखं.

मग कॅव्हिअर हा शब्द आला कुठून? कॅस्पियन समुद्राच्या दुसऱ्या काठावरून, इराणातून. फारसीत खाया म्हणजे अंडं. त्यावरून खावियार, म्हणजे अंडी धरलेली, गाबोळीने भरलेली मादी, अशी व्युत्पत्ती बहुतेक कोशकार लावतात. तुर्कांनी त्याचं हाव्यार केलं, इटालियन व्यापाऱ्यांनी कावियाले, आणि फ्रेंचांच्या तोंडून ते कॅव्हिअर होऊन जगभर गेलं. या घराण्यातली एक लेक आपल्याकडेही नांदते आहे. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत कांदा-मसाल्यात परतलेल्या अंड्यांना खागीना म्हणतात. त्यातला खाग म्हणजे फारसी अंडंच. फारसीबरोबर आलेला हा शब्द आज नाश्त्याच्या ताटलीत आहे आणि त्याचा भाऊबंद जगातल्या सर्वांत महागड्या डब्यांवर. शब्दांचं नशीब माणसांइतकंच निरनिराळं निघतं.

शब्दाइतकंच मासोळीचं कूळही जुनं. स्टर्जनचे पूर्वज डायनोसॉरच्या काळात पोहत होते. याच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात, हाडाच्या ढालींच्या पाच रांगा असतात. आतला सांगाडा मात्र बराचसा कूर्चेचा. समुद्रात वाढायचं आणि अंडी घालायला नदीत वर चढायचं, हा त्याचा क्रम. कॅस्पियनमधल्या तीन जातींनी कॅव्हिअरला त्याची तीन प्रसिद्ध नावं दिली: बेलुगा, ओसेत्रा आणि सेव्रुगा. बेलुगा सर्वांत मोठी. १८२७ साली व्होल्गाच्या मुखाशी धरलेल्या एका मादीचं वजन दीड हजार किलोच्या पुढे नोंदलेलं आहे. या सगळ्या कथेची किल्ली एकाच गोष्टीत आहे. बेलुगाची मादी पहिली अंडी धरायला पंधरा ते वीस वर्षं घेते. ती शंभर वर्षंही जगू शकते आणि काही काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते. पण कॅव्हिअरसाठी तिला पहिल्याच खेपेला मारलं जातं.

व्होल्गाच्या काठावरच्या माणसांना हा पदार्थ मोलाचा वाटण्याचं कारणच नव्हतं. नदीत मासे भरपूर होते, आणि मासा चिरला की अंडी निघणारच. १५५६ साली इव्हान चौथ्याने आस्त्राखान जिंकलं आणि व्होल्गाचं मुख रशियाच्या हाती आलं. त्यानंतर मीठ लावलेली अंडी नदीच्या वाटेने वर मॉस्कोकडे नियमित जाऊ लागली. तिथे त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते उपासामुळे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस मांस वर्ज्य असतं. त्यातल्या पुष्कळ दिवशी मासा चालतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तोही बहुतेक बंद असतो, पण झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी, लाझारसच्या शनिवारी, माशाची अंडी खायची मुभा आहे. मला ही सवलत फार बोलकी वाटते. आपल्याकडे उपासाला साबुदाणा, वरई, रताळं चालतं आणि त्या चालण्यामुळेच त्यांना ताटात मान मिळतो. इक्रेचंही तसंच झालं. मोठा उपास सुरू होण्याआधीच्या आठवड्यात, मास्लेनित्सात, लोणी, साय आणि अंडी यांची चंगळ असते. तेव्हा घरोघरी ब्लिनी होतात. ही आपल्या घावनाच्या जवळची, पण आंबवलेल्या पिठाची. कुट्टूच्या पिठाची ब्लिनी, वर आंबट साय, त्यावर इक्रा: आज पंचतारांकित हॉटेलांत दिसणारी मांडणी मुळात या सणाच्या स्वयंपाकातली आहे. घरी, खास प्रसंगी, कॅव्हिअर वाढण्याची रीत हॉटेलांनी घडवलेली नाही. हॉटेलांनी ती घरातून नेली.

मग इक्रा श्रीमंतांची झाली कशी? त्याचं उत्तर मिठात आहे. माशाची अंडी उन्हाळ्यात काही तासांत खराब होतात. पूर्वी लांब पाठवायची तर त्यांत खूप मीठ घालून, दाबून, घट्ट वडीसारखी करावी लागे. काळ्या समुद्राच्या बंदरांतून व्हेनिस आणि जिनोव्हाचे व्यापारी नेत तो माल असाच खारट असे. नदीकाठच्या कोळ्याच्या तोंडातली ताजी, मोकळी, मऊ अंडी मॉस्कोच्या पलीकडे जवळपास कुणाला ठाऊक नव्हती. रशियन भाषेत कमी मिठाच्या इक्रेला मालोसोल म्हणतात, आणि आजही उत्तम डबीवर हाच शब्द छापलेला असतो. कमी मीठ म्हणजे जास्त थंडी आणि जास्त घाई. बर्फ, आगबोट आणि रेल्वे आल्यावरच मालोसोल दूरवर पोचू लागली. पैसेवाल्यांनी खरेदी केला तो ताजेपणा.

या वाटेवर एक माणूस थांबून पाहण्यासारखा आहे. इओआनिस वारवाकिस हा ग्रीसच्या प्सारा बेटावरचा दर्यावर्दी. १७७०च्या चेस्मेच्या नाविक लढाईत तो तुर्कांविरुद्ध रशियाच्या बाजूने लढला, आणि पुढे कॅथरीन राणीकडून त्याला कॅस्पियनमध्ये मासेमारीचे हक्क मिळाले. आस्त्राखानला बसून त्याने प्रश्न सोडवला तो पिंपाचा. लिंडेन वृक्षाच्या लाकडाच्या घट्ट पिंपांत भरलेली इक्रा लांबच्या प्रवासातही टिकते, हे त्याने हेरलं आणि त्यावर अफाट संपत्ती उभी केली. १८२१मध्ये ग्रीसचा स्वातंत्र्यलढा पेटला, तेव्हा त्या संपत्तीतला मोठा वाटा त्याने लढ्याला दिला. १८२५ साली तो वारला. अथेन्सच्या मध्यवर्ती मासळीबाजाराला आज त्याचंच नाव आहे, वारवाकिओस. सकाळी लोक तिथे बांगड्याएवढे साधे मासे घासाघीस करून घेतात. हे मला कॅव्हिअरच्या साऱ्या इतिहासातलं सर्वांत समाधान देणारं दृश्य वाटतं.

अमेरिकेची कथा छोटी आहे आणि तितकीच कडू. १८७३च्या सुमारास हेन्री शाख्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने डेलावेअर नदीवर कॅव्हिअरचा धंदा थाटला. माल युरोपला जाई. न्यू जर्सीत नदीकाठी कॅव्हिअर याच नावाचं गाव वसलं. दारूच्या गुत्त्यांत खारट अंडी फुकट ठेवत, गिऱ्हाइकाला तहान लागावी म्हणून. विसाव्या शतकाची पहिली वर्षं सरेपर्यंत डेलावेअरमधला स्टर्जन संपत आला आणि ते गावही ओसरलं. पंधरा-वीस वर्षांनी माता होणारी मासोळी इतकी वेगाने मारली की नदीला नवी पिढी उभी करायला अवधीच उरला नाही.

पॅरिसला कॅव्हिअरची गोडी लागली ती मुख्यतः रशियन क्रांतीनंतर तिथे आलेल्या निर्वासितांमुळे आणि १९२०मध्ये दुकान उघडणाऱ्या पेत्रोसियान या आर्मेनियन भावांमुळे. इराणने १९५३ साली आपल्या काठावरची मासेमारी सोव्हिएत भागीदारीतून काढून राष्ट्राच्या ताब्यात घेतली. मात्र शिया परंपरेत खवले नसलेला मासा निषिद्ध असल्याने इराणी घरांत तो जवळपास नव्हताच. स्टर्जनच्या शेपटीकडे खवले असतात असा निर्वाळा मिळाल्यावर १९८३ साली इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी तो खाण्यास परवानगी दिली.

सोव्हिएत काळातल्या घरांत मात्र इक्रेला निराळंच स्थान मिळालं. ख्रिसमस बाजूला पडला आणि नववर्षाची रात्र हा मोठा कौटुंबिक सण झाला. सणाआधी कचेऱ्यांत, कारखान्यांत खाद्यपदार्थांचे गठ्ठे वाटले जात. त्यात वाटाण्याच्या डब्याशेजारी लाल इक्रेचा डबा असला, तर तो कपाटात मागे लपवून ३१ डिसेंबरची वाट पाहिली जाई. पांढऱ्या पावाचे काप, लोणी, वर चमचाभर इक्रा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजून एक-दोन. १९७०च्या ‘वाळवंटातला पांढरा सूर्य’ या चित्रपटात कॅस्पियनकाठी राहणाऱ्या वेरेश्चागिनसमोर बायको वाडगाभर काळी इक्रा ठेवते, आणि तो रोज तेच खाऊन कंटाळलेला आहे. त्याला पाव हवा आहे. हे दृश्य पाहून तिकडचे प्रेक्षक अजून हसतात, कारण एका घराचं रोजचं जेवण दुसऱ्या घराचा सण असतो हे त्यांना पुरतं ठाऊक आहे.

आमच्या घरी कॅव्हिअर आलं ते आईच्या पंचाहत्तरीला. दुबईला असलेल्या भाच्याने आजीसाठी तीस ग्रॅमची डबी आणली. नियम त्याने सांगितले: डबी बर्फावर ठेवायची, वाढायच्या जरा आधी उघडायची, लिंबू-कांदा लावायचा नाही, आणि चांदीचा चमचा वापरायचा नाही, कारण धातूची चव अंड्यांना लागते. म्हणून मोत्यासारख्या शिंपल्याचे चमचे वापरतात. आमच्याकडे तसा चमचा नव्हता. आईने मालवणहून कधीतरी आणलेला, आतून चकाकणारा शिंपला काढला, धुतला, आणि तोच चमचा झाला. घावन केले होते. तिने एक दाणा जिभेवर ठेवला, टाळूला दाबला आणि म्हणाली, “गाबोळीच आहे रे ही. फक्त शिजवलेली नाही.” मग बराच वेळ ती लहानपणीची गाबोळी सांगत राहिली: सुरमईची पिवळसर पिशवी, हळद-मीठ-आगळ, तांदळाचं पीठ, तव्यावरचा चर्र आवाज. ती कोळणीकडून मागून घ्यावी लागे, आणि घरात कुणाचा वाढदिवस असला की मोठा तुकडा त्याचा.

नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, ही आपल्या कोळ्यांची जुनी रीत. आता कायद्यानेही जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण हा माशांचा अंडी घालण्याचा हंगाम. व्होल्गावर असा विसावा स्टर्जनला मिळाला नाही. १९५०च्या दशकाअखेर व्होल्गोग्राडजवळ धरण झालं आणि बेलुगाच्या अंडी घालण्याच्या बहुतेक जागा भिंतीपलीकडे राहिल्या. १९९१नंतर सोव्हिएत पहारा सुटला आणि चोरटी मासेमारी बेसुमार वाढली. १९९८पासून स्टर्जनच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या कराराखाली आला. २०२२मध्ये उरलेल्या सगळ्या जाती धोक्यात असल्याचं जाहीर झालं. म्हणून आज कायदेशीर डबीत येतात ती जवळपास सगळी पाळलेल्या माशांची अंडी, आणि त्यांचा सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे. तिथल्या च्येनताओ सरोवरात पिंजऱ्यांत स्टर्जन वाढवतात. ते सरोवरही १९५९ साली धरणाने बनलेलं, पाण्याखाली जुनी गावं गेलेली. एका धरणाने मासोळीची वाट अडवली, दुसऱ्या धरणाच्या पाण्यात ती पाळली जाते.

करारानुसार प्रत्येक डबीवर एक सांकेतिक ओळ असावी लागते. आमची डबी संपली तेव्हा मी तिच्या बुडाची ओळ आईला वाचून दाखवली: जीयूई, सी, सीएन, आणि पुढे वर्ष. जीयूई म्हणजे ओसेत्रा देणारी रशियन स्टर्जन. सीएन म्हणजे चीन.

“आणि मधला सी?”

“पाळलेली. पिंजऱ्यातच जन्मलेली.”

आईने शिंपला पुसून ठेवला. “म्हणजे हिने समुद्रही पाहिला नाही,” ती म्हणाली, “आणि हिची नदीही नाही.”